कापूस चालत नाही

आमच्या अंगणातल्या टाक्याचं पाणी फेकायचं झालं की गेडाम मॅडमना विचारावं लागे. पाणी हिरवं पडलं, त्यात निंबाची पानं कुजली, की सासूबाई बादली घेऊन उठायच्या. बादलीच्या कडीचा आवाज झाला की मागच्या खोलीचं दार उघडलंच समजा. मॅडम केसांना टॉवेल गुंडाळलेल्या तशाच बाहेर यायच्या.

“आजी, थांबा. अर्धं ठेवा.”

“काहून वो? या घान पान्यात काय सोनं हाय?”

“माही माणसं हायेत त्याच्यात.”

“बाहेर माणसं कमी पडले का तुले?” सासूबाई म्हणायच्या, पण अर्धं पाणी ठेवायच्या. शेजारणींना मात्र सांगायच्या, आमची भाडेकरीण शिकून शिकून बिघडली.

आता टाकं वेळच्या वेळी धुतलं जातं. तळ दिसतो. तो स्वच्छ तळ पाहिला की मला बरं वाटत नाही, म्हणून हे लिहून ठेवते आहे. मी चौथीपर्यंत शिकले. हे कोणाला दाखवायला नाही.

मॅडम कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायच्या. तासिकेवर. म्हणजे दर वर्षी नव्याने बोलावणं यायचं, आणि आलं नाही तर का आलं नाही हे विचारायची सोय नसायची. त्यांची पीएच.डी. झाली की कायमची जागा द्यायची, असं संस्थेच्या अध्यक्षांनी चारचौघांत कबूल केलं होतं. पीएच.डी.ची मुदत एकदा वाढवून मिळाली होती. पुन्हा मिळणार नव्हती. हे सगळं त्यांनी मला पहिल्या आठवड्यातच सांगितलं. मी कमी बोलते, म्हणून लोक मला सांगतात.

उंच, काटक बाई. पंजाबी ड्रेसवर पुरुषांसारखे जाड बूट. जेवताना हिरवी मिरची हातात धरून असायच्या, खायच्या मात्र शेवटी. चहा नेऊन दिला की “ठेवा” म्हणायच्या आणि तो कपात साय धरून तसाच राहायचा. मी तो परत न्यायला गेले की गार चहा एका घोटात प्यायच्या आणि म्हणायच्या, “मस्त झालता.” इतकी वर्षं त्यांनी माझा गरम चहा कधी प्यायल्याचं मला आठवत नाही.

मागच्या खोलीत खिडकीला लागून त्यांचं टेबल होतं. त्यावर कॉलेजातून मागून आणलेला मायक्रोस्कोप, त्याला जोडलेला कॅमेरा आणि कॅमेऱ्याला जोडलेला संगणक. टाक्यातल्या पाण्याचा थेंब काचेवर ठेवायच्या आणि संगणकाच्या पडद्यावर ते पाणी मोठं होऊन दिसायचं. दुपारी घरातली कामं आटपली की मी दाराशी जाऊन बसायची. त्यांनी मला कधी “आत या” म्हटलं नाही. नुसतं स्टूल जरा माझ्याकडे सरकवलं, तेवढंच. मला ते बरं वाटलं.

पडद्यावर एक करडी, मऊ काहीतरी गोष्ट असायची. कणकेचा गोळा परातीत सोडला की जसा आपोआप पसरतो, तशी. तिच्या एका बाजूनं बोटासारखं काही निघायचं, लांब व्हायचं आणि मग सगळं अंग त्या बोटात ओतलं जायचं. मागची बाजू हळूहळू ओढली जायची. “हे तिचे खोटे पाय,” मॅडम म्हणाल्या. “लागतील तवा काढते, झालं की पोटात घेते. ही अख्खी एक पेशी हाय, वहिनी. हिले तोंड नाई, डोळे नाई, मेंदू नाई. तरी जाते.”

सासूबाई मागून येऊन उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, “खोट्या पायानं कोनी खरं चालते का?”

“आजी, तुमच्यापेक्षा बरं चालते.”

“थांब, तुह्या म्हातारपनी पाह्यतो मी.” दोघीही हसल्या. सासूबाईंनी तेव्हापासून टाक्यातल्या पाण्याला ‘गेडामचे पाहुणे’ म्हणायला सुरुवात केली.

खरं काम फिल्म झाल्यावर सुरू व्हायचं. संगणकात एक सॉफ्टवेअर होतं. ते फिल्मच्या एकेका चित्रात पेशीभोवती पिवळी रेघ ओढायचं, आपण शेताच्या धुऱ्यावरून, बांधावरून फिरावं तसं. मग पेशी किती पसरली, किती लांबली, कुठून कुठं गेली, ते सगळं आकड्यांत सांगायचं. पेशी अगदी गोल असेल तर आकडा एक. जसजसे पाय काढील तसतसा तो एकाच्या खाली उतरत जायचा. मला हे उलटं वाटायचं. मी एकदा तसं बोलले. मॅडमना मी काही बोलले याचंच जास्त नवल वाटलं.

“बरोबर बोलल्या तुम्ही,” त्या म्हणाल्या. “उन्हाळ्यात पाणी तापलं ना, की ह्या सगळे पाय आत घेतात आन गोल होऊन बसतात. कुठंच जात नाई. त्याइले सॉफ्टवेअर पुरा एक देते. त्याले गोलच आवडते. रेघ सोपी पडते.”

बारीक पाय मात्र त्याला दिसायचे नाहीत. ते पाय सॉफ्टवेअर कापून टाकायचं. मग मॅडम एकेका चित्रात जाऊन हातानं रेघ दुरुस्त करायच्या, पाय परत जोडायच्या. त्या वेळी त्यांची जीभ ओठाच्या कोपऱ्यात बाहेर आलेली असायची, शाळेतल्या पोरीसारखी. आणि सगळ्यांत आधी त्या पडदा साफ करून घ्यायच्या. पाण्यात धूळ असते, कचरा असतो. एका ठरावीक मापापेक्षा बारीक जे काही असेल ते काढून टाक, असं सॉफ्टवेअरला सांगता येतं. ते बटण दाबलं की सगळा कचरा जायचा आणि पेशी तेवढ्या राहायच्या. “आधी झाडायचं, मग मोजायचं,” हे त्यांचं वाक्य. मी अंगण झाडत असले तरी जाता जाता म्हणायच्या, “पाह्यलं? आधी झाडायचं.”

त्यांना एक वाईट सवय लागली होती. रस्त्यानं जाणाऱ्या माणसांकडे त्या तशाच पाहायच्या. पानठेल्यावरून उठून येणाऱ्या एकाला पाहून म्हणाल्या, “याले पुढून कोणी बोलवून नाई राह्यलं, मागून कोणी ढकलून राह्यलं.” सासूबाईंबद्दल म्हणायच्या, “आजीचं बोट आधी जाते, मग आजी जाते.” हे इतकं खरं होतं की मला पदर तोंडाला लावावा लागला. माझ्याबद्दलही एकदा म्हणाल्या. मारेगावच्या बाजारात एका बाईशी बोलायला मी निघाले होते आणि अर्ध्यातून परत आले होते.

“तुम्ही पाय काढता आन लगेच आत घेता. अशा पेशी असतात, वहिनी. मले आधी वाटे त्या भेकड असतात. नसतात. चाचपून राह्यल्या असतात.”

 ते लक्षात राहिलं.

हे सगळं कशासाठी, ते त्यांनी एकदाच सांगितलं, भावाचा फोन येऊन गेल्यावर. त्यांचं गाव पांढरकवड्याच्या पलीकडे. धाकटा भाऊ दुसऱ्यांच्या वावरात कपाशीवर फवारणी करायला जायचा. एका दिवशी तो घरी आला, ओट्यावर बसला, आणि त्याला समोरचा बैल दिसेना. डोळे पुढे थोडे परत आले, हाताची थरथर गेली नाही. आता तो घरीच असतो. लोक म्हणाले, तोंडाला बांधलं नसेल. लोक म्हणाले, औषध जास्त कालवलं असेल.

“मले एवढंच दाखवायचं हाय,” मॅडम म्हणाल्या, “का बादलीभर पाण्यात एक थेंब औषध टाकलं, तरी त्या एवढ्याशा जिवाले समजते. तो दूर पळते. ज्याले डोळे नाई त्याले समजते, मंग आपल्याले काहून नाई समजत? हे आकड्यात दाखवलं ना, मंग कोणी म्हणू नाई शकणार का माह्या भावाचीच चूक होती.”

थंडीत त्यांनी साध्या पाण्यातल्या फिल्मा केल्या. पेशी वाट्टेल तिकडे भटकायच्या. उन्हाळा लागल्यावर औषधाच्या पाण्याच्या करायला घेतल्या. खोलीवर टिनाचं छप्पर, बाहेर मे महिन्याचं ऊन. पेशी गोल होऊ लागल्या आणि मॅडमही गप्प होऊ लागल्या. तेव्हा आमच्या घरच्यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, पुढच्या खोलीतला कुलर उचलून त्यांच्या खिडकीत बसवून दिला. म्हणाले, “बाईमाणूस त्या भट्टीत बसते, बरं नाई दिसत.” खोली गार झाली. पेशींनी पुन्हा पाय काढले. आणि मग ते झालं, ज्याची त्या वाट पाहत होत्या.

औषधाचा थेंब त्या काचेवर नेहमी दाराच्या बाजूनं सोडायच्या, उजवा हात तिकडे म्हणून. आणि पेशी सगळ्या खिडकीकडे निघाल्या. एक नाही, दोन नाही, सगळ्या. सॉफ्टवेअरनं त्यांच्या वाटा रंगीत रेघांनी काढल्या, तर त्या वाऱ्यानं आडव्या झालेल्या गवतासारख्या एकाच बाजूला झुकलेल्या. मॅडम अंगणात आल्या, सासूबाईंच्या हातातला झाडू काढून घेतला आणि त्यांचे दोन्ही हात धरून गोल फिरल्या.

“अवं सोड, पडन मी!”

“आजी, पाहुणे पळाले! पाहुण्याइले समजलं!”

त्यांचा लेख छापून आला. कॉलेजात शाल-श्रीफळ दिलं. ती शाल त्यांनी सासूबाईंना आणून दिली आणि नारळाचा प्रसाद आम्ही सगळ्यांनी खाल्ला. अध्यक्षांनी भाषणात सांगितलं म्हणे, आपल्या मॅडम डोळ्यांना दिसत नाहीत अशा प्राण्यांवर काम करतात, तरी संस्थेला त्यांचा अभिमान आहे. मॅडमनी त्यांची नक्कल करून दाखवली. त्यांच्या तोंडावर मी एवढा आनंद नंतर पाहिला नाही.

मग प्रबंध जमा करायची वेळ आली. आतल्या पहिल्या पानावर एखादं सुंदर चित्र असावं, असं त्यांच्या मनात आलं. रेघा नसलेलं, साफ न केलेलं, पाण्यात पेशी जशी असते तसं. म्हणून त्यांनी उन्हाळ्यातली एक मूळ फिल्म उघडली. मी दाराशी तूर निवडत होते. आधीचा उन्हाळा गेला होता, दुसरी थंडी चालू होती. कुलर बंद होता, त्यामुळे खोलीत आवाज नव्हता. फिल्म संपली. त्यांनी ती पुन्हा लावली. पुन्हा लावली.

“वहिनी, इकडे या.”

पडद्यावर पेशी खिडकीकडे चालल्या होत्या. त्यांच्यामध्ये एक पांढरा, पिळलेला धागा होता. आमच्याकडे कापूस निघाला की हवेत सगळीकडे उडतो. भाकरीवर बसतो, केसांत बसतो. तसाच एक तंतू पाण्यात पडला असणार. तोही चालला होता. पेशींच्या बरोबरीनं, तेवढ्याच चालीनं, खिडकीकडे.

“वहिनी, कापूस चालते का?” मॅडमनी विचारलं.

मी म्हटलं, “नाही.”

“मंग हा काहून चालून राह्यला?”

 उत्तर त्यांना सुचलं होतं, त्यांच्या आवाजावरून कळत होतं. त्यांनी दुसरी फिल्म उघडली. त्यात धुळीचे ठिपके होते. ते सगळे खिडकीकडे. तिसरीतही तेच. जो कचरा त्या रोज आधी झाडून टाकत होत्या, तो इतके दिवस हेच सांगत होता.

मग त्यांनी एका बशीत पाणी घेतलं आणि ती टेबलावर ठेवली. पाणी खिडकीच्या बाजूला बशीच्या काठावर आलं, दाराच्या बाजूला खाली राहिलं. टेबल कललं होतं. आमच्या मागच्या खोलीला फरशी नाही. मातीची जमीन, मी दर आठवड्याला शेणानं सारवते. कुलरचं पाणी उन्हाळाभर खिडकीखाली ठिबकत होतं. तिथली जमीन मऊ झाली होती आणि टेबलाचा त्या बाजूचा पाय हळूहळू आत बसला होता. डोळ्यांना दिसणार नाही इतकाच. पण काचेवरच्या पाण्याला ते पुरे होतं. ते पाणीच खिडकीकडे उतरत होतं आणि आपल्याबरोबर सगळ्यांना नेत होतं, जे जिवंत होते त्यांना आणि जो कापूस होता त्यालाही. थंडीत कुलर नव्हता, म्हणून साध्या पाण्यात तसं काही दिसलं नव्हतं.

आमचे घरचे संध्याकाळी आले तेव्हा मॅडमनी त्यांना सांगितलं, “टेबल जुनं होतं, भाऊजी.” कुलरचं नाव त्यांनी घेतलं नाही. कधीच घेतलं नाही.

तरी एक आशा होती. तंतू किती सरकला ते मोजायचं, आणि पेशीच्या चालण्यातून तेवढं वजा करायचं. जे उरेल ते पेशीचं स्वतःचं. सॉफ्टवेअरला तेही येतं. काही दिवस त्यांनी तेच केलं. मी चहा नेत होते आणि तो तसाच परत आणत होते. गार चहाही प्यायच्या नाहीत आता. एका दुपारी मी गेले तर रंगीत रेघांचं चित्र पडद्यावर होतं. रेघा चारी दिशांना पसरलेल्या. साध्या पाण्यासारख्याच.

“वहिनी, कोणीच पळत नाई ओ,” त्या म्हणाल्या. “औषध आलं तरी तिथंच फिरत राह्यतात. त्याइले समजतच नाई.”

 त्या माझ्याकडे बघतही नव्हत्या.

गाइड सरांचा फोन आला तेव्हा फोन टेबलावर होता, आवाज खोलीभर येत होता. सर चांगले होते. ओरडले नाहीत. म्हणाले, “गेडाम, प्रबंध लिहून तयार आहे. कोण काढून पाहणार आहे मूळ फिल्म? आधी पदवी घ्या. जागा मिळवा. मग पुढे दुरुस्ती छापा, हवी तर.”

“सर, तवर त्या लेखाच्या भरवशावर अजून कोणी लिहीन.”

“लिहू द्या.”

“सर, कापूस चालत नाही,” मॅडम म्हणाल्या. सरांना काही समजलं नाही. त्यांनी दोनदा “काय?” विचारलं.

पुन्हा सगळं करायचं तर पुन्हा एक वर्ष हवं, पेशी हव्यात, सपाट जागा हवी. मुदत त्याआधी संपत होती. मॅडमनी छापलेला लेख मागे घ्यायला लिहिलं आणि प्रबंध जमा केला नाही.

कोणी त्यांना शाबासकी दिली असती तर मी इथं लिहिलं असतं. तसं झालं नाही. कॉलेजात बोललं जाऊ लागलं की मॅडमनी आकड्यांत काहीतरी घोळ केला, म्हणून लेख परत आला. परत आला आणि परत घेतला यातला फरक कोणाला करायचा नव्हता. ती जागा दुसऱ्याला मिळाली. जूनमध्ये तासिकेचंही बोलावणं आलं नाही. मायक्रोस्कोप परत नेण्यासाठी कॉलेजचा शिपाई रिक्षा घेऊन आला तेव्हा मॅडमनी तो स्वतः टॉवेलात गुंडाळून दिला, आंघोळ घातलेलं मूल गुंडाळतात तसा.

त्यानंतरही त्या काही दिवस आमच्याकडे होत्या. नवी सवय लागली होती. कुठंही बसल्या की आधी तळहात पालथा ठेवायच्या, टेबलावर, ओट्यावर, बाजेच्या लाकडावर, आणि जरा थांबायच्या. हे कलतंय का, ते पाहत असाव्यात. सासूबाई एकदा रागावल्या. “काय चाचपून राह्यली वं? घर काही पडत नाई आमचं.”

“पडत नाई आजी. बसते.”

सासूबाईंनी त्या दिवशी टाक्याचं पाणी काढलं नाही. मुद्दाम. हिरवं पाणी तसंच ठेवलं, मॅडमना दिसेल असं. मॅडम बाहेर आल्या, त्यांनी पाहिलं, आणि स्वतः बादली घेऊन सगळं पाणी निंबाच्या बुडाशी ओतलं. तळ घासला. मग बाजेवर येऊन बसल्या. सासूबाई त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

गावी गेल्या तेव्हा म्हणाल्या, फोन करीन. केला नाही. मीही केला नाही. फोनवर मला बोलता येत नाही.

यंदा पेरण्या झाल्यावर मी आर्णीला बहिणीकडे गेले होते. परतीच्या बसला वेळ होता. समोर एक कृषी केंद्र होतं. दारात खतांची पोती, आत भिंतभर फवारणीच्या औषधांच्या बाटल्या, आणि काउंटरमागे संगणकावर बिलं करत बसलेल्या मॅडम. आधी मी ओळखलंच नाही. पायात चपला होत्या.

एक म्हातारा आला. त्यानं भिंतीवरच्या एका बाटलीकडे बोट दाखवलं. मॅडमनी ती काढली, बिल केलं, आणि बाटली त्याच्या हातात देता देता सोडली नाही.

“बाबा, तोंडाले दुपट्टा बांधजा. वाऱ्याकडे पाठ करून मारजा. आन दुपारच्या उन्हात नका मारू.”

“हाव, हाव. माहा जल्म गेला फवारण्यात, मले शिकवते.” म्हातारा हसला, बाटली ओढून घेतली आणि पिशवीत टाकून निघून गेला.

मॅडम त्याच्या पाठीकडे पाहत राहिल्या. मग काउंटरवर तळहात पालथा ठेवला आणि जरा थांबल्या. तिथं शेजारी चहाचा कप होता, त्यावर साय आलेली.

मी फुटपाथवरून एक पाय खाली टाकला. मध्ये रस्ता होता, दोन मोटारसायकली गेल्या.  मी पाय वर घेतला.

पुन्हा पाहिलं तेव्हा दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. मॅडमनी चपला खाली सोडल्या होत्या. दोन्ही पाय खुर्चीवर घेतले होते, हात गुडघ्यांभोवती, हनुवटी गुडघ्यांवर. पडद्याचा उजेड तोंडावर होता, पण त्या पडद्याकडे पाहत नव्हत्या. कुठंच पाहत नव्हत्या. अंगाची कडा सगळीकडून सारखी झाली होती. त्यांच्या सॉफ्टवेअरनं पुरा एक आकडा दिला असता.